आधी राखण, मग महोत्सव! वेळासच्या कासवांचा हा क्रम बाकीची गावं पाळणार का?

मंडणगड : हिवाळा सरत आला की किनाऱ्यावरच्या गावांत पाहुण्यांचे फोन वाजायला लागतात. "यंदा कासव महोत्सव कधी? पिल्लं नक्की दिसतील ना?" याला खरं उत्तर एकच आहे. नक्की सांगता येत नाही. घरट्यातून पिल्लं कधी वर येतील ते वाळू ठरवते, ऊन ठरवतं. माणसाच्या शनिवार-रविवारशी त्याचा संबंध नाही.

हे उत्तर पाहुण्याला तोंडावर देण्याची हिंमत ज्या गावात आहे तिथे कासव टिकतं. ज्या गावात "या हो, दाखवतो" असं उत्तर मिळतं तिथे काळजी करावी लागते. महोत्सवाची कल्पना आता वेळासपुरती राहिलेली नाही. दापोली तालुक्यात आंजर्ले, सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी इथेही कासवांच्या निमित्ताने लोक जमतात. आपल्याही किनाऱ्यावर असं काही करावं, असं आणखी गावांना वाटतं आहे. वाटणं चांगलंच आहे. पण वेळासची गोष्ट नीट समजून घेतली तरच त्याचा उपयोग.

महोत्सवाच्या आधीची चार वर्षं

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या किल्ल्याजवळचं गाव. पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे इथले, एवढीच पूर्वी त्याची ओळख. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांची पाहणी करत या भागात फिरत होते. तेव्हा वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. चौकशी केल्यावर कळलं की कासवं दरवर्षी येतात, पण त्यांची अंडी टिकत नाहीत. काही कोल्ही-कुत्री उकरतात, बरीचशी माणसंच नेतात. खायलाही आणि विकायलाही.

तिथून राखण सुरू झाली. गावातल्याच माणसांना या कामात घेतलं गेलं. रेतीत कासव कुठून चढलं, कुठे वळलं, हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाइतकं दुसऱ्या कोणाला कळणार? ट्रॅक्टरचं चाक ओल्या मातीतून जावं तसा कासविणीचा माग वाळूत उमटतो. तो ओळखणारे डोळे गावाकडे होतेच, फक्त काम बदललं.

महोत्सव आला २००६ मध्ये. म्हणजे आधी चार हंगाम अंडी राखली, पिल्लं सोडली, गावाची खात्री पटली आणि मग पाहुण्यांना बोलावलं. वेळासचं यश सांगताना हा क्रमच लोक विसरतात. आता बऱ्याच ठिकाणी उलटं सुचतं. आधी बॅनर, मग मोबाईलवर जाहिरात आणि शेवटी "अरे, रात्री किनाऱ्यावर फिरणार कोण?"

काम सहा महिन्यांचं, गर्दी काही दिवसांची

आपल्याकडे येतात ती ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. कासवीण रात्री पुळणीवर चढते, हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आगेमागे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत पाण्यात जाते. मागे वळून बघत नाही. पुढचं सगळं राखणदारावर.

हा राखणदार म्हणजे गावाकडचा कासवमित्र. कोल्ह्याच्या आणि भरतीच्या आधी त्याला माग सापडला पाहिजे, म्हणून तो उजाडायच्या आत पुळण चालून काढतो. अंडी उलटीसुलटी न करता, हलक्या हाताने उचलून भरतीरेषेच्या वर जाळीने बंदिस्त केलेल्या जागेत, म्हणजे हॅचरीत, तेवढ्याच खोलीवर पुरतो. तारीख लिहितो. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं वर येतात. तोवर राखण चालूच. शेवटची घरटी फुटेपर्यंत एप्रिल संपतो, कधी मे उजाडतो.

यात महोत्सवाचे दिवस किती? थोडेच. म्हणून महोत्सवाला किती गाड्या आल्या यावर गावाचं यश मोजायचं नाही. डिसेंबरच्या थंडीत पहाटे पुळणीवर कोण होतं, आणि त्याचं मानधन वेळेवर हातात पडलं का, हे आधी विचारायचं. शेतात पीक उभं राहतं ते राखणीवर, वावरात फोटो काढायला आलेल्यांवर नाही.

पैसा कोणाच्या दारात?

वेळासमध्ये पाहुणे उतरतात ते गावातल्या घरांत. माजघरात नाहीतर पडवीत झोपायचं, घरात शिजेल ते जेवायचं. वरण-भात, आंबोळी, सोलकढी, नशीब असेल तर उकडीचे मोदक. हा पैसा थेट चुलीपाशी येतो, आणि त्यात बाईमाणसाच्या कष्टाला मोल मिळतं. कासव मेलं तर नुकसान आपल्या घरचं आहे, हे मग कोणी समजावून सांगावं लागत नाही. कायद्याच्या धाकाने जे झालं नसतं ते या हिशेबाने झालं.

हाच पैसा बाहेरच्या माणसाने बांधलेल्या रिसॉर्टकडे गेला तर? तेव्हा गावाच्या वाट्याला कचरा आणि पार्किंग उरतं, आणि कासवाच्या वाट्याला दिवे. कासवाला सगळ्यात घातक उजेडच. वाळूतून बाहेर आलेलं पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावतं. अंधाऱ्या रात्री तो उजेड समुद्राचा असतो. मागे हॉटेलचे हॅलोजन असतील तर पिल्लू उलट्या दिशेला जातं आणि सकाळी उन्हात किंवा कावळ्याच्या चोचीत संपतं. विणीला आलेली कासवीणही उजेड-गोंगाट बघून परत फिरते.

शेजारच्या गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांचे किनारे आहेत. त्यातल्या मोरजीत शॅक, दिवे आणि रात्रीच्या संगीतावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. किनारा एकदा हॉटेलांनी भरला की कासवासाठी जागा मागून घ्यावी लागते. आपल्याकडे ती अजून मोकळी आहे.

मोहाची जागा

खुद्द महोत्सवातही एक धोका आहे. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी सोडतात, त्यामुळे लोकांना बघता येतं. पण अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगातली ताकद मोजकी असते. ती लाटा ओलांडून खोल पाण्यात जाण्यासाठी असते. "मुंबईची बस अजून यायची आहे, थोडं थांबू" असं एकदा सुरू झालं की पिल्लू पाहुण्यासाठी राबायला लागलं. तिथे महोत्सव आणि संवर्धन यांची वाट वेगळी होते. पिल्लाला हातात घेऊन फोटो काढणं, फ्लॅश मारणं, दोरीच्या आत जाणं हे त्याच माळेतले मणी. पिल्लाने वाळूवरून स्वतः चालत जायला हवं. हाच किनारा त्याच्या ओळखीचा होतो आणि मोठी झालेली मादी विणीला सहसा त्याच भागात परतते, असं अभ्यासक मानतात.

उष्णतेचाही प्रश्न आहे. कासवाचं नर-मादीपण वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त जन्मतात, फारच तापली तर अंडी खराब होतात. उन्हाळे कडक होत आहेत, तेव्हा हॅचरीवर सावली करणं हे आता रोजच्या कामातच धरायला हवं.

किनाऱ्यावर वाचवलं, पाण्यात काय?

हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं, असं म्हणतात. त्यातलं एक जाळ्यात गुदमरून मेलं तर किती राखण वाया गेली, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा दुसरा संरक्षित जीव जाळं कापून सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ च्या अखेरीपासून आहे. मच्छीमार बांधवांनी तिचा लाभ घ्यावा.

हा जीव किती लांबचा प्रवास करतो याचा पुरावा गुहागरला मिळाला. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून भारताला वळसा घालून अरबी समुद्रात! त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या 'प्रथमा' या मादीला उपग्रह यंत्र लावून सोडलं होतं. आपल्या पुळणीवरचं कासव फक्त आपलं नाही, याची जाणीव त्यातून झाली.

ग्रामसभेने काय करावं?

ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणं किंवा तिची अंडी नेणं यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. कासवांच्या विणीच्या जागा किनारा नियमांत सर्वात कडक गटात, सीआरझेड-१अ मध्ये येतात. म्हणजे कायद्याचा आधार आहे. पण रात्री बारा वाजता किनाऱ्यावरचा दिवा बंद करायला कायदा येत नाही. ते गावालाच करावं लागतं.

ज्या गावाला महोत्सव भरवायचा आहे, त्या ग्रामसभेने पाहुण्यांची संख्या ठरवण्याआधी चार गोष्टी ठरवाव्यात. हंगामात पुळणीवर गाडी नाही. किनाऱ्याकडे तोंड केलेला दिवा नाही. राखणदाराचं मानधन आधी, मंडपाचा खर्च नंतर. आणि पिल्लं दिसण्याची हमी कोणालाही नाही. गावच्या जैवविविधता समितीने हे ठराव करून पंचायतीच्या फलकावर लावावेत.

कोकणात देवळात शिरताना आधी दगडी कासवाला हात लावतात, मग देवाचं दर्शन. पुळणीवरचा क्रमही तोच ठेवायचा आहे. आधी कासव, मग पाहुणा.