परिषदेच्या व्यासपीठावर सभासदही हवा



साखर तंत्रज्ञांच्या परिषदा दरसाल भरतात. कारखान्याचे अधिकारी जातात, निबंध वाचतात, प्रमाणपत्र घेऊन येतात आणि पुढच्या अंकात एक फोटो छापून येतो. सभासदाच्या पदरात त्यातून काय पडलं, हे कोणी विचारत नाही. खरे सांगावयाचे तर आम्हीही स्वतःला ते कधी विचारले नव्हते. आज विचारतो आहोत, कारण गेल्या हंगामानंतर अशाच एका परिषदेला आम्ही एकटे गेलो नाही. सावदा गटातील एक सभासद आमच्या जोडीने व्यासपीठावर उभे राहिले आणि निबंध दोघांनी मिळून मांडला. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे. गटात सगळे त्यांना नाना म्हणतात, तेवढे पुरे.

विषय आपल्या रोजच्यातलाच, म्हणजे खोडव्यातील पाचट. तोडणी झाली की हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात पडते. काडी लावली की घटकाभरात राख. न जाळता सरीत दाबले, बुडखे जमिनीलगत छाटले, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकले, तर त्याचे खत होते आणि ओल टिकते. ही शिफारस जुनीच आहे, गटसभेत आम्ही ती शंभरदा सांगितली असेल. नानांनी दोन एकरांत ती करून दाखविली.

परिषदेसाठी आम्ही स्लाइड तयार केल्या. हिरवागार खोडवा, फुटव्यांची मोजणी, आमचे नाव वर आणि नानांचे खाली. गट ऑफिसात त्यांना त्या दाखविल्या. नानांनी नीट पाहिल्या आणि म्हणाले, “साहेब, मले पडद्यावरलं फारसं कयत नाही. पण हे अर्धच सांगणं झालं.”

राहिलेले अर्धे कोणते? एक म्हणजे, पहिल्या वर्षी शेजारच्या बांधावरचा विस्तव वाऱ्याने त्यांच्या पाचटात आला. पाचट गेलं ते गेलं, ठिबकच्या नळ्याही वितळल्या. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त टोचणारी होती. १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच खोडवा ठेवावा, असे आम्हीच सांगतो. आणि नानांच्या बांधावर टोळी पोहोचली ती मार्चमध्ये. “तारीख तुमची, टोळीबी तुमचीच,” नाना म्हणाले, “मग हे कोणी सांगायचं?”

दोन संध्याकाळी आम्ही वाद घातला. परिषदेत आपल्याच कारखान्याचे उणे कशाला दाखवायचे, असे आमचे म्हणणे होते. शेवटी नानाच म्हणाले की, हे गाळायचं असेल तर तुम्ही एकटेच जा. मग दोन्ही गोष्टी निबंधात घेतल्या.

वेळ पंधरा मिनिटांची होती. सात मिनिटे आम्ही बोललो, आठ मिनिटे नाना बोलले, तेही मराठीत. आधीचे सगळे निबंध इंग्रजीत झाले होते. नानांनी विस्तवाची गोष्ट सांगितली, मार्चच्या तोडणीची सांगितली. आमच्या निबंधाला प्रश्न आले ते सगळे त्यांना. पाचटातून पाणी पुढे कसे सरकते? नाना म्हणाले, पाचट सरीआड सरी ठेवा, मोकळ्या सरीतून पाणी द्या. उन्हाळ्यात फरक पडतो का? “आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो. भर दुपारी पाचट उचला आन् खाली हात घालून पाहा. माती गार लागते.” या उत्तराला आमच्या कोणत्याही आलेखापेक्षा वजन जास्त होते.

मग कोणीतरी विचारले की, तोडणी उशिरा होते, यावर उपाय काय? आमच्याकडे उत्तर नव्हते. नानांकडे होते. ते म्हणाले, ज्याला खोडवा ठेवायचा आहे आणि ज्याला रान मोडून मृगबागेची केळी लावायची आहे, त्या दोघांना एकाच ओळीत का उभे करता? केळीवाल्याला जूनपर्यंत रान मोकळे झाले तरी चालते. खोडवावाल्याचा ऊस १५ फेब्रुवारीच्या आत घ्या. मात्र मागे राहणाऱ्याचे उन्हाने वजन घटते, त्याचाही हिशेब धरा.

बंधूंनो, आम्ही कित्येक वर्षे शेतकी खात्यात काढली. लागणीच्या नोंदीत ‘खोडवा ठेवणार की मोडणार’ असा एक रकाना वाढवावा, हे आम्हाला सुचले नव्हते. ते परिषदेत सुचले, आणि सुचले सभासदाला.

परत आल्यावर बोलणी बसायची ती बसलीच. घरची धुणी चव्हाट्यावर कशाला, असे काहींनी ऐकविले. आमचे उत्तर असे की, जे गावातल्या प्रत्येक पारावर बोलले जाते ते परिषदेत झाकून कोणाची अब्रू राखायची? सावद्याचा शेतकरी उसाला बांधलेला नाही. केळीचा भाव त्याला रोज कळतो. ऊस परवडेना झाला तर तो भांडत बसणार नाही, गुपचूप केळी लावील. मग गव्हाणीत टाकायला ऊस कोठून आणायचा?

कोणी म्हणेल, परिषद ही तज्ज्ञांची, तेथे शेतकऱ्याचे काय काम? मांजरीची आपली संस्था पाहा. १९७५ साली ती डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून निघाली, १९८९ पासून वसंतदादांचे नाव धारण करते. ती उभी केली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी. तेथे ऊसभूषण पुरस्कार देतात, ही चांगली गोष्ट आहे. पण सत्कारात माणूस शाल-श्रीफळ घेतो आणि खाली उतरतो. सन्मान झाला, सांगणे राहूनच जाते.

आता तर यंत्रांचा जमाना आला. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ साली त्याची जाहीर वाखाणणी केली. उद्या आपल्याकडेही उपग्रह आणि मोबाइल पाण्याची पाळी सांगतील. सांगू देत. पण मोबाइलने सांगितले तेव्हा वीज होती का, विहिरीला पाणी होते का, हे सांगणारा माणूस व्यासपीठावर नसेल तर त्या तंत्राचा खरा हिशेब कोणाला कळणार?

डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली १९३६ साली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या शेजारच्या फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. शेतकऱ्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन बोलावा, हे पुढाऱ्यांना तेव्हा उमगले होते. परिषद खेड्यात आणा असा आमचा हट्ट नाही. पण खेड्यातला माणूस परिषदेत नेणे अवघड नाही.

म्हणून संचालक मंडळाकडे आमचे मागणे चार गोष्टींचे आहे. सभासदाच्या रानातील प्रयोगावर निबंध असेल तर मांडणारा तो सभासदही असावा आणि त्याचे नाव बरोबरीने छापावे. अधिकाऱ्याला मिळतो तोच प्रवासखर्च त्याला मिळावा, कारण त्याचाही दिवस मोडतो. निबंध आधी गटसभेत वाचावा, म्हणजे गाळलेले अर्धे तेथेच सापडेल. आणि परतल्यावर दोघांनी गटसभेत उभे राहून काय ऐकले, काय शिकलो ते सांगावे.

यात आमचाही कमीपणा कबूल करतो. आजवर तुमच्या रानातले आकडे घेऊन आम्ही एकटेच टाळ्या घेत आलो. परिषदेहून परतताना गाडीत नाना म्हणाले, “पुढच्या बारीला मी नको. आमच्या घरची नेजा. बेण्याचा डोळा तिच्याइतका मलेबी कयत नाही.” ते खरेच आहे. बेणे निवडणे, नांग्या भरणे ही कामे बहुतेक घरांत बायाच पाहतात, आणि गटसभेतही आम्ही त्यांना कधी विचारलेले नाही.

तेव्हा ज्या सभासद बंधू-भगिनींनी आपल्या रानात काही वेगळे करून पाहिले असेल, त्यांनी सावदा गट ऑफिसात नाव नोंदवावे. साधलेले सांगाच, फसलेलेही सांगा. लागणीच्या नोंदीतील नव्या रकान्याचा विषय आम्ही संचालक मंडळापुढे लेखी ठेवला आहे. त्यावर काय ठरते ते याच पानावर कळवू.