टेक्नो नक्की कुणाचं?

मिरवणूक संदलची असो की गणपतीची, आमच्या हिंगोलीत डीजे सुरू झाला की जाणती माणसं दोन तक्रारी करतात. एक, कानठळ्या बसतात. दोन, हे संगीत आपलं नाही, विलायती आहे. पहिली तक्रार रास्त आहे. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती मोडणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. दुसरी तक्रार मात्र तपासायला हवी.

ज्याला आपण विलायती म्हणतो, त्या टेक्नोची घडण ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी केली. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन ही त्यातली मोठी नावं. जर्मनीच्या क्राफ्टवेर्कचं संगीत त्यांनी मन लावून ऐकलं होतं. मग तेच टेक्नो युरोपात गेलं आणि शहरागणिक बदललं. शेफील्डमध्ये खर्ज जड झाला, बर्लिनमध्ये ठोका कठोर झाला, फ्रँकफर्टमध्ये सुरावट लांब आणि तरंगती झाली. आपल्या गायकीत घराणी असतात, तसंच हे.

यात आपलाही वाटा आहे. गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे युरोपातल्या कॅसेटी आणून पहाटेपर्यंत वाजवत. त्यातून घडलेला बाज नव्वदच्या दशकात 'गोवा ट्रान्स' म्हणून जगभर गेला. नाव गोव्याचं, पण नावाजलेले कलाकार बहुतेक युरोप-इस्रायलचे. मुंबईत तर १९८२ मध्येच सिनेसंगीतातले वादक चरणजितसिंग यांनी रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्याच टीबी-३०३ वर शिकागोच्या तरुणांनी पुढे काही वर्षांनी 'अ‍ॅसिड हाऊस' घडवलं. चरणजितसिंगांच्या रेकॉर्डकडे तेव्हा कुणी फारसं पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. गझल अरबीतून फारसीत, तिथून उर्दूत आणि मराठीत आली. 'कागद', 'दुकान', 'जमीन' हे शब्दही बाहेरून आले आणि इथलेच झाले. कुठल्याही शब्दाचं, सुराचं मूळ जरूर शोधावं, ज्याचं श्रेय त्याला द्यावं. पण मूळ बाहेरचं निघालं म्हणून त्याला परकं ठरवू नये. आज सुराला परकं म्हणणारा उद्या माणसालाही म्हणतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून कव्वालीला हलगीची जोड देऊन संगणकावर मिक्स करणाऱ्या आपल्या पोरांना आवाज कमी करायला जरूर सांगा. त्यांचं संगीत मात्र आधी ऐका.