श्वास मोजला का?

नांदेड जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. सुटीत घरी आली ती रडकुंडीला येऊनच. "आई, सकाळ-संध्याकाळ नुसता टीपीआर आणि बीपी. ताप, नाडी, श्वास लिहायचा आणि पुढच्या कॉटवर जायचं. एवढ्यासाठी का रान गहाण टाकून शिकवतेस?" भगिनी विचारतात, पोरीला काय सांगू?

ताई, मी चौतीस वर्षे ड्युटी केली. सुरुवातीला मलाही हे काम कारकुनीचेच वाटायचे. ते कधी आणि कसे वाटेनासे झाले, तेवढे सांगते.

विद्यार्थिनी असताना मला सर्जिकल वॉर्डची रात्रपाळी लागली होती. चाळीस कॉट, एक स्टाफ नर्स आणि आम्ही दोघी मुली. एका आजींच्या मांडीच्या हाडाचे ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. मी थर्मामीटर लावला, नाडी मोजली आणि श्वासाच्या रकान्यात २० लिहून मोकळी झाले. खरे सांगायचे तर श्वास मोजलाच नव्हता. कोणीच मोजत नसे. आधीच्या तिन्ही पाळ्यांत २०, शेजारच्या कॉटला २०, त्या पलीकडे २०. आजी दोनदा म्हणाल्या, "पोरी, जीव घाबरा होतोय गं." मी म्हणाले, "झोपा आजी, बरं वाटेल."

रात्री दीडच्या सुमारास नाईट सिस्टर राऊंडला आल्या. त्यांनी आजींचे मनगट हातात घेतले. आम्हाला वाटले, नाडी बघताहेत. पण त्यांची नजर आजींच्या छातीवर होती. मिनिट पुरे होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चौतीस." डॉक्टरांना उठवले, ऑक्सिजन लावला. न्यूमोनियाने फुप्फुस धरले होते. ताप त्या वेळीही शंभराच्या आतच होता. म्हाताऱ्या माणसाला पुष्कळदा चढतच नाही. आजी वाचल्या. सकाळी मी माझे २० खोडायला गेले, तेव्हा सिस्टरांनी हात धरला. "खोडू नकोस. राहू दे ते. त्याच्या खाली खरा आकडा लिही, वेळ लिही, सही कर."

श्वासाला एवढे महत्त्व का? रक्तात प्राणवायू कमी पडला किंवा आम्ल साठू लागले की शरीर प्रथम श्वास वाढवून ते सावरू पाहते. बीपी त्या मानाने उशिरा पडते. तरुण माणसाचे तर अगदी शेवटापर्यंत टिकून राहते आणि पडते तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो. इंग्लंडमध्ये २०१२ साली रोग्याची प्रकृती बिघडते आहे का हे वेळेवर कळावे म्हणून गुणांची एक पद्धत सुरू झाली; २०१७ मध्ये ती सुधारली. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असेल तर तिथे शून्य गुण. २१ ते २४ असेल तर दोन. २५ किंवा जास्त असेल तर तीन, आणि एवढ्या एका कारणावरून रोग्याला तातडीने तपासावे लागते. आमच्या त्या आजी ३४ वर होत्या.

श्वास मोजतो आहोत हे रोग्याला सांगू नये. सांगितले की तो आपोआप जपून घेऊ लागतो. म्हणून सिस्टर मनगट धरून उभ्या राहिल्या. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवयही बरी नव्हे. एक श्वास चुकला की आकडा चारने हलतो.

हे लिहिताना काठियावाडमधली एक बाळंतीण आठवल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये तिची हकिकत दिली आहे. तिच्या शिक्षक नवऱ्याचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. बाळंतपणानंतर दोनच दिवसांत बाई आजारी पडली. जुलाब होत होते, श्वास लागला होता. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हते. बाईला वस्तीबाहेर आणा, म्हणाले. तिला बाहेर आणले. डॉक्टरांनी थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थांच्या हातात दिला, त्यांनी नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात आकडा पाहून डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, औषध पाठवले. पुन्हा काही ते आले नाहीत. बाई गेली.

मी हे परिचारिका म्हणून वाचते तेव्हा वाटते, निदान बरोबरही असेल. पण थर्मामीटर हातोहात देता येतो, नाडी देता येत नाही. जुलाबाने अंगातले पाणी किती गेले, हे कातडी चिमटीत धरून आणि जीभ बघून कळते. छातीला कान लावावा लागतो. हात न लावता मोजता येतो तो श्वासच, पण त्यासाठीही माणसाजवळ मिनिटभर थांबावे लागते. आज मॉनिटर आले. कॉटच्या पायथ्याशी उभे राहून त्यावरचे आकडे उतरवून घेणारे हात मी अलीकडे पुष्कळ पाहिले.

पुस्तकांची आणखी एक खोड पोरीला सांगा. त्यांत रोगी "पांढरा" पडतो, "निळा" पडतो, "लालसर" दिसतो. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर ते तसे दिसत नाही. आपल्या माणसाची जीभ, ओठांची आतली बाजू, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तळहात पाहावेत. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात, तीही दिवसाउजेडी. कोरोनात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रोग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तातला प्राणवायू ८८ च्या खाली निघाला, असे काळ्या रोग्यांत शंभरात सुमारे १२ वेळा घडले आणि गोऱ्यांत सुमारे ४ वेळा. नखाला पॉलिश असले किंवा बोटे गार असली तरी यंत्र चुकते. यंत्र ९५ सांगते आणि माणूस मिनिटाला तीस श्वास घेतो आहे, तर मी श्वासावर विश्वास ठेवीन.

आणि "काय होतंय?" हा प्रश्न आजारी बाईलाच विचारावा. उत्तर नवरा देतो, सासू देते. त्यांना चहाला पाठवावे. मी कित्येकदा पाठवले आहे.

घरी लहान मूल असणाऱ्या आयांनी एवढे पाठ करावे. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून घड्याळ लावून पुरते एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळ ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, एवढा श्वास असेल तर लगेच दवाखाना गाठावा. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल पीतच नसेल, तर सकाळ व्हायची वाट पाहू नये. अंगारा-धुपाऱ्यात तर अजिबात वेळ घालवू नये.

ताई, मुलीला सेकंदकाट्याचे एक साधे घड्याळ घेऊन द्या. आणि सुटीत आहे तोवर तुम्ही झोपल्यावर तुमचाच श्वास मोजायला सांगा.

बीपीच्या यंत्राचा पट्टा दंडाला लहान पडला की आकडा वाढून येतो का, असे तीन वाचकांनी विचारले आहे. येतो. त्याविषयी पुढील अंकी.