रोज मांडायचे, रोज विसरायचे

सुट्टीत देडतलाईला गेलो की धाकट्या भावाचा जुना संगणक ठीकठाक करण्याचे काम माझ्याकडेच असते. या खेपेची तक्रार चमत्कारिक होती. उबंटूच्या डाव्या पट्टीवर तो आपल्या कामाची चिन्हे ओळीने लावी. पुन्हा लॉगिन केले की पट्टी मूळपदावर! "रोज दोन मिनिटे लावून घेतो, दादा," तो म्हणाला. ही सवयच मला दुखण्याहून वाईट वाटते.

शोधता कारण सापडले. पट्टीची मांडणी घर-फोल्डरमधील 'डॉट कॉन्फिग'च्या आत, 'डीकॉन्फ' फोल्डरातल्या 'युजर' नावाच्या फाईलमध्ये लिहिली जाते. कोणीतरी 'सुडो' लावून एक प्रोग्राम उघडला होता; त्यामुळे त्या फोल्डराची मालकी 'रूट' या कारभारी खात्याकडे गेली होती. घर भावाचे, वही मात्र कारभाऱ्याच्या नावावर! मग लिहिलेले टिकावे कसे? 'चोन' या आदेशाने मालकी परत केली, चिन्हे लावली, पुन्हा लॉगिन केले. पट्टी जशीच्या तशी.

आमच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात २००६ चा वनहक्क कायदा ठाऊक असलेल्यांना हे नवे नाही. नुसती जमीन कसून भागत नाही, कागदावर नाव लागते. मित्रहो, एकच गोष्ट रोज नव्याने करावी लागत असेल, तर नशिबाला किंवा यंत्राला बोल लावू नका. नोंद कोठे होते आणि ती कोणाच्या नावावर आहे, एवढे आधी पाहा.