माईकलाही अर्थिंग हवे

विहिरीवरच्या मोटारीला आपण मीठ-कोळसा घालून अर्थिंग करतो. मग गव्हाणपूजनाच्या स्टेजवरील ॲम्प्लिफायरला का नको? जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. माईक तिथलाही धातूचा, आपल्या मंडपातलाही धातूचाच. अर्थिंग नसेल तर करंट लहानमोठे स्टेज पाहत नाही. १९७२ साली ब्रिटनमधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून स्टेजवरच दगावला.

स्पीकरची घरघर थांबावी म्हणून प्लगची जाड पिन तोडणाऱ्याला वायरला हात लावू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, दवात अनवाणी माईक धरू नका. भाड्यात चार पैसे वाचतील हो, पण गेलेला माणूस कुठून आणायचा?