मुदगडचा पैलवान पुण्याचा कसा झाला?

आमच्या लातूरच्या गल्लीबोळांत हल्ली पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा सदरा घालून हिंडणारी पोरे दिसतात. अर्जेंटिनाच्या नामांकित गड्यांची चरित्रे त्यांना तोंडपाठ. मेस्सीचे सोडा, त्याच्याही आधीचा बातिस्तुता कोण, हे ती सांगतील. रेकोंकिस्ता नावाच्या दूरच्या गावी तो वाढला, इटलीत फ्लोरेन्सच्या संघाकडून खेळला, १९९३ साली तो संघ खालच्या वर्गात घसरला तरी त्याला सोडून गेला नाही. म्हणून १९९६ साली तिथल्या चाहत्यांनी त्याच्या हयातीतच त्याचा पुतळा उभारला. २००५ साली त्याने खेळ थांबवला आणि पुढे पायांच्या वेदना इतक्या असह्य झाल्या, की 'हे पाय कापूनच टाका' अशी विनवणी त्याने डॉक्टरांना केली. परमुलखातल्या गड्याचे हे दुःख आमच्या पोरांना कळते, याचा मला आनंदच आहे.

आता त्याच पोराला विचारा, हरिश्चंद्र बिराजदार कोण? पोरगा तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. वाचकहो, त्याच्यावर रागावू नका. रागवायचेच असेल तर त्याच्या वडीलधाऱ्यांवर रागवा, गावच्या पुढाऱ्यांवर रागवा आणि आम्हां मास्तर मंडळींवर तर अवश्य रागवा. कारण हा माणूस अर्जेंटिनाचा नव्हे. आमच्याच निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा होता.

मुदगडच्या ह्या पोराने कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळला आणि १९६९ साली खुद्द लातुरात भरलेल्या अधिवेशनात 'महाराष्ट्र केसरी'ची गदा खांद्यावर घेतली. लातूर त्या वेळी जिल्हासुद्धा नव्हते. उस्मानाबाद जिल्ह्यातले ते एक तालुक्याचे गाव होते. पुढच्याच वर्षी, १९७० साली, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत भारताला एकंदर पाच सुवर्णपदके मिळाली आणि पाचही कुस्तीत मिळाली. त्यांतले एक मुदगडचे. पुढे ते 'रुस्तुम-ए-हिंद' झाले. १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपाल यांना हरवले; त्या कुस्तीची गोष्ट जुनी माणसे अजून चवीने सांगतात.

आणि आमची आस्था पाहा! एडिंबरोच्या त्या स्पर्धेच्या ज्या याद्या आज जगभर वाचल्या जातात, त्यांतल्या अनेकांत ८२ किलो वजनगटाच्या विजेत्याचे नाव 'हरीश राजिंद्र' असे छापलेले आहे. कुणा कारकुनाने बिराजदारांचा राजिंद्र केला आणि पन्नास वर्षे उलटली तरी तो राजिंद्रच राहिला. सातबाराच्या उताऱ्यावर आडनावाची एक वेलांटी चुकली तर तहसीलचे उंबरठे झिजवणारे आम्ही लोक! जगाच्या उताऱ्यावर आमच्या माणसाचे नाव पुसले गेले, तर आम्हांला त्याचा पत्ता नाही.

परंतु नाव चुकले हा लहान अपराध. मोठा अपराध वेगळाच आहे. खेळाडूचे आयुष्य म्हणजे त्याने जिंकलेला दिवस, अशी आमची समजूत आहे. गदा मिळाली की मिरवणूक, फेटा, हार, पुढाऱ्यांची भाषणे. आणि लंगोट खुंटीला लागला की माणूस विसरला. बिराजदारांचे निम्मे आयुष्य लंगोट उतरल्यानंतर सुरू झाले, आणि माझ्या मते तेच निम्मे अधिक मोलाचे. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते वस्ताद म्हणून उभे राहिले. पोरे त्यांना 'मामा' म्हणत. लातूरच्याच साई गावचे काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९९८ सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच तालमीत घडू लागला. २००६ साली सरकारने बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार दिला. २०११ साली ते गेले. त्यांच्या माघारी राहुलला काका पवारांनी पुढे नेले. त्याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. एडिंबरोचे सोने अठ्ठेचाळीस वर्षांनी असे पुन्हा मराठवाड्यात आले. ह्याला वस्तादाची कमाई म्हणतात.

मात्र ही सारी कमाई झाली पुण्यात! २०२० सालच्या जानेवारीत 'महाराष्ट्र केसरी'ची अंतिम कुस्ती झाली, तेव्हा नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर होते. दोघेही काका पवारांचे पठ्ठे आणि दोघेही पुण्यातल्या त्यांच्या तालमीत घडलेले. म्हणजे वस्ताद लातूरचा, पठ्ठा लातूरचा आणि हौद पुण्याचा. मुदगडच्या पोराला कोल्हापूर गाठावे लागले, त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. आजच्या पोराला पुणे गाठावे लागते. मधल्या काळात आम्ही काय केले?

'मास्तर, कोल्हापूरची गोष्ट निराळी, तिथे शाहू महाराज होते,' असे मला ऐकवले जाते. अगदी खरे. शाहू महाराजांनी मुलांसाठी वसतिगृहे काढली आणि १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदानही बांधले. एकाच राजाची ही दोन कामे. आमच्या लातुराने १९७० साली निघालेल्या कॉलेजाला राजर्षींचे नाव दिले, परीक्षेच्या 'लातूर पॅटर्न'चा डंका राज्यभर वाजवला, वसतिगृहांनी गल्ल्या भरून टाकल्या. त्याचा अभिमान मलाही आहे. पण अर्धे शाहू महाराज आपण घेतले आणि खासबागेचे अर्धे कोल्हापुरालाच ठेवले, त्याचे काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'पैलवानी करून पोट भरते का?' ज्या आईला दूध, तूप, बदामाच्या खुराकाचा खर्च पेलत नाही, तिने हा प्रश्न विचारला तर मी मान खाली घालतो. तिची भीती खरी आहे. हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना १९५२ साली लोकांपुढे पदर पसरावा लागला होता. पण हाच प्रश्न शिकवणीवर लाखभर रुपये ओतणारा बाप विचारतो, तेव्हा मी त्याला उलट विचारतो, की डॉक्टर व्हायला आलेली ही हजारो मुले सगळीच डॉक्टर होतात काय? होत नाहीत. तरीही तिथे 'सगळे थोडेच होणार?' असे कोणी म्हणत नाही. हा हिशेब आम्ही फक्त हौदातल्या पोरासाठी राखून ठेवला आहे. शिवाय राहुल आवारेला सरकारने पोलीस खात्यात उपअधीक्षकाची जागा दिली. म्हणजे मनात आणले तर पोटाची सोयही करता येते.

आता थोडे आमच्या जातभाईंविषयी. खाशाबांसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. घर राहू द्या, आम्ही वेळापत्रकातला खेळाचा एक तास तरी सोडतो काय? परीक्षा जवळ आली, की पहिली कुऱ्हाड त्याच तासावर पडते. तिथे गणित येऊन बसते. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान हवे, असे स्पष्ट लिहिले आहे. मैदानाच्या जागी खोल्या बांधणारे ते वाचत नाहीत. आणि ज्यांना वाचता येते ते आम्ही मास्तर गप्प बसतो.

मला बिराजदारांचा पुतळा नको. पुतळ्यांची आपल्याकडे टंचाई नाही. तो उभा राहिला की वर्षातून एकदा हार घालून आपण मोकळे होऊ. मला लातुरात एक तालीम हवी, जिच्यात मातीचा हौद असेल, गादी असेल, गरिबाच्या पोराला खुराक मिळेल आणि वस्तादाला दरमहा पगार मिळेल. मास्तराला पगार मिळतो, मग वस्तादाला का नको? तोही शिकवतोच. एडिंबरोच्या यादीतले नाव दुरुस्त करून घेण्यासाठी जिल्ह्याने रीतसर पत्र धाडावे. आणि शाळाशाळांतला खेळाचा तास पालकांनी मागून परत घ्यावा. मागितल्याशिवाय तो मिळणार नाही.

दिवाळीत लेकीबाळी, पोरेसोरे घरी आली आहेत. फराळाच्या ताटावर पट्ट्यांच्या सदऱ्यातला पोरगा बातिस्तुताची गोष्ट सांगेल, ती मन लावून ऐका. मग त्याला मुदगडच्या पैलवानाची गोष्ट सांगा. ती ऐकून पोराने 'मी तालमीत जाऊ का?' असे विचारले, तर त्याला पुण्याच्या गाडीचे तिकीट काढून देण्याची पाळी आपल्यावर येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.