हजेरी म्हणजे काम नव्हे

एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीतील उपस्थितीचे प्रमाण ठरवले: उपसचिव व त्यावरील अधिकारी सर्व, इतर आवश्यकतेनुसार ३३ टक्क्यांपर्यंत. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द किती कार्यालयप्रमुखांनी वाचला? दिल्लीतील आमच्या कार्यालयात कमाल मर्यादा हाच इष्टांक ठरला. मेट्रो बंद, लिपिक कसेबसे येत आणि घरूनही उघडता आली असती तीच नस्ती ई-ऑफिसवर उघडत. संसर्गाच्या भयाने बायोमेट्रिक हजेरी स्थगित झाली होती. तिच्या जागी वही आली, आणि सर्वांच्या हाती फिरणारे एकच पेन! रुग्णालये, पोलीस, पुरवठा यांची गोष्ट वेगळी. आस्थापना शाखेला बोलावण्यामागे मात्र एकच समजूत होती: समोर दिसत नाही, तो काम करत नाही. घरून किती नस्त्या निकाली निघाल्या, हे ई-ऑफिसवर दिसत होते. तिकडे कोणी पाहिले नाही.